एसक्यूएम आणि केक: आधी रांग ताब्यात घ्या, मग मानकरी ठरवा

राउटरच्या खोक्यावर ‘गेम मोड’, ‘स्मार्ट प्रायोरिटी’ असं ठळक छापलेलं असतं. सेटिंगमध्ये गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: उपकरणांची यादी आणि प्रत्येकापुढे हाय, मीडियम, लो. लॅपटॉपला हाय दिलं तरी मोठी फाइल अपलोड होत असताना कॉल तुटायचा तो तुटतोच. पॅकेटं खरोखर जिथे तुंबलेली असतात ती रांग मोडेममध्ये किंवा सेवा कंपनीच्या यंत्रात असते आणि राउटरवरच्या या बटणाचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत लिनक्स प्रणालीवर मिळणारं एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) हे पॅकेज नेमकं या मुद्द्यापासून सुरू होतं. जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा जरा कमी वेग ते राउटरवरच बांधून देतं, म्हणजे तुंबायचं तर पॅकेटं राउटरमध्येच तुंबतात. त्या रांगेचं पुढे काय करायचं ते केक हा शेड्यूलर, म्हणजे कोणतं पॅकेट कधी सोडायचं ते ठरवणारा कर्नलमधला भाग, बघतो. केक 2018 साली लिनक्स कर्नल 4.19 मध्ये आला. त्याचा पूर्वज एफक्यू-कोडेल 2012 पासून, कर्नल 3.5 पासून आहे. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही आता मुरलेले आहेत.

निकाल आधीच सांगतो. वेग ठरलेला आहे अशा घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या जोडणीसाठी याच्या तोडीचं दुसरं साधन सापडणं कठीण आहे. मात्र लोक ज्यासाठी ते बसवतात, म्हणजे अमुक ट्रॅफिकला तमुकपेक्षा प्राधान्य, तो भाग बसवल्याबसवल्या अर्धाच चालतो. उरलेला अर्धा स्वतः जोडावा लागतो आणि बऱ्याच जणांना तो जोडायचा आहे हेच माहीत नसतं.

प्राधान्य न देताही काय सुधारतं

मोडेममध्ये 1 एमबीचा बफर (पॅकेटं थांबवून ठेवायची जागा) आहे आणि अपलोड 10 एमबीपीएस आहे असं धरा. बफर भरला की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतात. बोलण्यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीत एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे एकटं अपलोड संभाषणाची वाट लावायला पुरेसं आहे, मग वेग कितीही ‘हायस्पीड’ असो.

केक दोन गोष्टी करतो. प्रत्येक फ्लोला (दोन टोकांमधल्या एकेका संवादाच्या पॅकेटप्रवाहाला) वेगळी रांग देतो, आणि कोणत्याही रांगेतलं थांबणं ठरावीक काळ 5 मिलिसेकंदांच्या वर राहिलं की त्या फ्लोची पॅकेटं टाकून किंवा त्यांच्यावर ईसीएनची (गर्दी झाल्याची सूचना देणारी) खूण करून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावतो. हा ठरावीक काळ 100 मिलिसेकंदांचा असतो. जी.711 कोडेकचा (आवाजाचं डिजिटल रूप करणाऱ्या पद्धतीचा) आवाजी कॉल सेकंदाला 50 पॅकेटं पाठवतो, हेडर धरून प्रत्येकी 200 बाइटचं. एवढा विरळ फ्लो स्वतःची रांग कधीच तुंबवत नाही, म्हणून केक त्याला आल्याआल्या पुढे सोडतो. कॉलच्या पॅकेटांवर प्राधान्याची कुठलीही खूण नसली तरी तो अपलोडच्या मागे अडकत नाही. डीएनएसच्या विचारणा, गेमची पॅकेटं, टर्मिनलवरचं टायपिंग या सगळ्यांना हाच फायदा फुकटात मिळतो.

त्यामुळे पहिल्यांदा बसवताना ‘पीस ऑफ केक’ ही स्क्रिप्ट घ्या. तिच्यात प्राधान्याचा एकच कप्पा असतो आणि खुणांकडे बघितलं जात नाही. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. पुढचं सगळं उरलेल्यांसाठी.

बसवताना

पॅकेजचं नाव लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम. ते बसवलं की नेटवर्क मेनूमध्ये एसक्यूएम क्यूओएस हे पान येतं. इंटरफेस म्हणून वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा निवडा. जोडणी पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डने सुरू होणारी) असेल तर पीपीपीओईचा स्वतःचा इंटरफेस निवडायचा, त्याखालचं इथरनेट पोर्ट नाही.

वेग किलोबिटमध्ये लिहायचा असतो, आणि इथे 1 एमबीपीएस म्हणजे 1000 किलोबिट. 20 एमबीपीएस अपलोडच्या 95 टक्के म्हणजे 19000. कुणी 19 लिहिलं तर पान मुकाट्याने स्वीकारतं आणि नेट मेल्यासारखं होतं. 0 लिहिलं तर त्या दिशेला वेग बांधलाच जात नाही. आधी एसक्यूएम बंद ठेवून, तारेने जोडलेल्या संगणकावरून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेग मोजा आणि त्यातला कमी आकडा धरा. अपलोड 95 टक्क्यांपासून सुरू करा, डाउनलोड 85 ते 90 पासून.

डाउनलोडला जास्त सूट का सोडायची? येणारं पॅकेट राउटरपर्यंत पोचतं तेव्हा अरुंद जागा ओलांडून आलेलंच असतं. राउटर ते उगाच थोडं अडवून किंवा टाकून पलीकडच्या सर्व्हरला मंद करतो, एवढंच त्याच्या हातात आहे. सर्व्हरने ऐकेपर्यंतचा जोर पेलायला मोकळी जागा लागते. अपलोड मात्र पूर्ण आपल्या ताब्यात असतं.

लिंक लेयर अ‍ॅडाप्टेशनचा टॅब सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. जोडणीवर प्रत्येक पॅकेटला किती बाइटचा अदृश्य बोजा लागतो ते इथे सांगायचं असतं. इथरनेट किंवा फायबरसाठी 44 लिहिलं तर चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते, केबल मोडेमला 22 चालतं, जुन्या एडीएसएलला एटीएम (पॅकेटं ठरावीक आकाराच्या सेलमध्ये तोडणारी पद्धत) निवडून 44. हा आकडा न भरता मोठ्या फाइलने चाचणी घेतली तर काही बिघडलेलं दिसत नाही, कारण 1500 बाइटच्या पॅकेटवर 44 म्हणजे जेमतेम 3 टक्के. पण 200 बाइटच्या आवाजी पॅकेटवर तेच 22 टक्के होतात. एडीएसएलवर तर ते पॅकेट 53 बाइटचे 6 सेल व्यापतं, म्हणजे तारेवर 318 बाइट. ‘चाचणी छान येते, पण चार कॉल एकदम सुरू झाले की घसरतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच रिकामा रकाना असतो.

चाचणी साधी आहे. एका खिडकीत पिंग चालू ठेवा, दुसरीकडे आधी अपलोड आणि मग डाउनलोड पूर्ण भरा. भार नसताना पिंग 20 मिलिसेकंद असेल तर भाराखाली ते 25-30 च्या आत राहायला हवं. ज्या दिशेला उडी मारतं त्या दिशेचा आकडा 5 टक्क्यांनी खाली आणा आणि पुन्हा बघा. खोलात जायचं असेल तर फ्लेंट या साधनातली आरआरयूएल चाचणी घ्या, ती दोन्ही दिशांना चार-चार टीसीपी प्रवाह सोडून सोबत विलंब मोजते.

आता प्राधान्य

यासाठी ‘लेअर केक’ ही दुसरी स्क्रिप्ट आहे. ती पॅकेटच्या हेडरमधला 6 बिटांचा डीएससीपी आकडा, म्हणजेच प्राधान्याची खूण, वाचते आणि त्यानुसार पॅकेट कप्प्यात टाकते. मूळ मांडणी डिफसर्व्ह3, म्हणजे बल्क, बेस्ट एफर्ट आणि व्हॉइस. डिफसर्व्ह4 मध्ये व्हिडिओचा चौथा कप्पा वाढतो. ऑफिससाठी डिफसर्व्ह4 जास्त कामाचं, कारण डिफसर्व्ह3 मध्ये व्हिडिओ कॉलचा एएफ41 म्हणजे 34 हा आकडा सरळ बेस्ट एफर्टमध्ये जातो आणि खूण करण्याचे कष्ट वाया जातात.

डिफसर्व्ह4 मध्ये व्हॉइसची मर्यादा एकूण वेगाच्या 25 टक्के आहे, व्हिडिओची 50 आणि बल्कची 6.25. ही मर्यादा म्हणजे कुंपण नव्हे. व्हॉइस कप्पा 25 टक्क्यांच्या वर गेला तर त्याचा पुढे जाण्याचा मान जातो, पॅकेटं अडत नाहीत. लाइन रिकामी असेल तर बल्कलाही पूर्ण वेग मिळतो. ही रचना मला केकमधली सगळ्यात शहाणपणाची वाटते. कुणी आपल्या टोरेंटवर व्हॉइसची खूण डकवली तरी तो बाकीच्यांना उपाशी ठेवू शकत नाही. जुन्या कडक प्राधान्याच्या रांगांमध्ये हे सर्रास व्हायचं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते. लेअर केक निवडलं की दोन्ही दिशांना प्राधान्य सुरू झालं असा समज होतो. प्रत्यक्षात क्यू डिसिप्लिनच्या टॅबमध्ये प्रगत सेटिंग उघडल्यावर दोन पर्याय दिसतात: येणाऱ्या पॅकेटवरचा डीएससीपी पुसायचा का, आणि त्याकडे दुर्लक्ष करायचं का. मुळात दोन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. म्हणजे डाउनलोडच्या बाजूला एकच कप्पा चालतो. हा निर्णय चुकीचा नाही, कारण इंटरनेटवरून येणाऱ्या खुणा वाटेतल्या कुठल्याही यंत्राने बदललेल्या किंवा पुसलेल्या असू शकतात. पण पानावर हे ठळकपणे सांगितलेलं नाही, आणि ही या पॅकेजची मोठी उणीव आहे.

बरं, ते पर्याय बदलून दुर्लक्ष बंद केलं तरी काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बहुतेक सर्व्हरकडून पॅकेटं खुणेविना, डीएससीपी 0 घेऊनच येतात. मग लोक फायरवॉलमध्ये नियम लिहितात की अमुक पोर्टच्या पॅकेटवर 46, म्हणजे आवाजाची खूण, लिही. डाउनलोडसाठी ते नियम म्हणजे वरातीमागून घोडे. येणारं पॅकेट आयएफबी या आभासी इंटरफेसवर वळवलं जातं, तिथे केकच्या रांगेतून जातं आणि मग कुठे फायरवॉलपर्यंत पोचतं. खूण लागते तेव्हा रांग मागे पडलेली असते.

यावर उपाय दोन. पहिला: बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर खूण करताना ती कनेक्शन ट्रॅकिंगच्या (राउटरने ठेवलेल्या जोडण्यांच्या नोंदीच्या) मार्कमध्येही साठवायची आणि परत येणाऱ्या पॅकेटवर केकच्या आधी टीसी या लिनक्सच्या ट्रॅफिक हाताळणाऱ्या कमांडच्या सीटीइन्फो अ‍ॅक्शनने ती पुन्हा लावायची. सीटीइन्फो कर्नल 5.3 पासून आहे. एसक्यूएमच्या पानावरून हे करता येत नाही, स्क्रिप्ट हाताने जुळवावी लागते. दुसरा उपाय क्यूओसिफाय, त्याच्याबद्दल शेवटी.

अपलोडची बाजू सोपी, फक्त खूण मुळाशी, म्हणजे संगणकावर करायची. मायक्रोसॉफ्ट टीम्ससाठी शिफारस ठरलेली आहे: आवाज यूडीपी पोर्ट 50000 ते 50019 वर आणि डीएससीपी 46, व्हिडिओ 50020 ते 50039 वर आणि 34, स्क्रीन शेअरिंग 50040 ते 50059 वर आणि 18. विंडोजमध्ये ग्रुप पॉलिसीच्या पॉलिसी-बेस्ड क्यूओएसमध्ये प्रत्येकासाठी एक नियम करा: प्रोग्रामचं नाव, प्रोटोकॉल, सोर्स पोर्टचा पट्टा, डीएससीपी. संगणक डोमेनमध्ये नसेल तर नियम दिसतात पण लागू होत नाहीत. त्यासाठी रजिस्ट्रीत टीसीपीआयपीखालच्या क्यूओएस कीमध्ये ‘डू नॉट यूज एनएलए’ ही नोंद स्ट्रिंग प्रकारात करून किंमत 1 द्यावी लागते. या एका नोंदीपायी अख्खी दुपार जाते, म्हणून आधीच सांगितलं.

झूमचं गणित वेगळं. अ‍ॅडमिनने डीएससीपी मार्किंग चालू केलं की मुळात आवाजाला 56 आणि व्हिडिओला 40 लागतो. केकच्या डिफसर्व्ह4 मध्ये हे दोन्ही आकडे व्हॉइस कप्प्यात पडतात. 4 एमबीपीएस अपलोडवर व्हॉइसची मर्यादा 1 एमबीपीएस. एक बऱ्या दर्जाचा व्हिडिओ ती सहज ओलांडतो आणि अख्ख्या कप्प्याचा मान जातो, त्यात आवाजही आला. कप्प्याच्या आत प्रत्येक फ्लोची रांग वेगळी असल्यामुळे आवाज तरतो, पण तो केकच्या कृपेने, आपल्या नियमामुळे नव्हे. झूममध्ये व्हिडिओचा आकडा बदलून 34 करा.

वर चढवण्यापेक्षा खाली उतरवणं जास्त फळतं, हे मात्र फार कमी जण करतात. बॅकअप, क्लाउड सिंक आणि टोरेंट यांना सीएस1 म्हणजे 8 द्या. टोरेंटला तर द्याच. त्याचा यूटीपी प्रोटोकॉल रांगेतला विलंब 100 मिलिसेकंदांच्या आसपास गेला की स्वतःहून मागे सरतो, पण केक विलंब तिथपर्यंत जाऊच देत नाही. परिणामी एरवी सौजन्याने वागणारं टोरेंट केकखाली साध्या टीसीपीसारखं आपला पूर्ण वाटा मागतं, तेही चाळीस-पन्नास फ्लो घेऊन.

इतक्या फ्लोंवर दुसरा इलाज म्हणजे वाटणी आधी उपकरणांमध्ये आणि मग त्यांच्या फ्लोंमध्ये करणं. धोकादायक सेटिंगचा चौकोन टिक केला की खाली दोन रिकामे रकाने येतात. येणाऱ्या दिशेला नॅट, ड्युअल-डीएसटीहोस्ट, इनग्रेस. जाणाऱ्या दिशेला नॅट, ड्युअल-एसआरसीहोस्ट. डिफसर्व्ह4 हवं असेल तर तेही इथेच, दोन्हींकडे. शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये फक्त जागा सोडून लिहायचे. स्पेलिंग तपासलं जात नाही. चुकलं तर केक उभाच राहत नाही. नॅट हा शब्द राहिला तर वॅनवर सगळ्या उपकरणांचा पत्ता एकच दिसतो आणि वाटणी निरर्थक होते. खरं तर उपकरणनिहाय वाटणी बहुतेकांना हवी असलेली गोष्ट आहे, ती ‘धोकादायक’ म्हणून लपवून ठेवण्याचं कारण कळत नाही.

खुणा पोचतात का हे अंदाजाने ठरवू नका. टीसी कमांडला आकडेवारीचा पर्याय देऊन वॅनचा केक बघा. प्रत्येक कप्प्याचा वेगळा स्तंभ दिसतो: मर्यादा, सरासरी विलंब, पॅकेटं, टाकलेली पॅकेटं. कॉल सुरू करा, आकडा लिहून ठेवा, एका मिनिटाने पुन्हा बघा. 20 मिलिसेकंदांच्या पॅकेटांचा एक आवाजी कॉल मिनिटाला साधारण 3000 पॅकेटं व्हॉइसमध्ये वाढवतो. शांततेत पॅकेटं न पाठवणारा कोडेक असेल तर आकडा कमी येईल, पण हललाच नाही तर खूण राउटरपर्यंत आलेली नाही. तसं असेल तर राउटरशी झटापट थांबवा आणि संगणकाकडे जा.

कुठे अडतं

प्रोसेसर. एका दिशेचा वेग बांधण्याचं ओझं मुख्यतः एकाच कोअरवर पडतं, त्यामुळे चार कोअर आहेत म्हणून चौपट झेपेल असं नाही. टॉप कमांडमध्ये सॉफ्ट आयआरक्यूचा, म्हणजे पॅकेटं हाताळण्याच्या कामाचा, वाटा छताला टेकला आणि वेग बांधलेल्या आकड्याच्याही खाली राहिला, तर राउटर दमला आहे. पॅकेट स्टीअरिंग (पॅकेटांचं काम कोअरांमध्ये वाटणारी सोय) चालू करून बघा. तरी नाही झेपलं तर एचटीबी (वेग बांधणारा जुना भाग) आणि एफक्यू-कोडेलवर चालणारी ‘सिम्पलेस्ट’ स्क्रिप्ट घ्या, ती हलकी आहे. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (पॅकेटं प्रोसेसरऐवजी चिपमधूनच पुढे पाठवणं) चालू असेल तर पॅकेटं केकला वळसा घालून जातात: वेग झकास, प्रोसेसर थंड आणि एसक्यूएम नुसतं नावाला. एसक्यूएम लावल्यावर वेगात काहीच घट दिसली नाही तर पहिला संशय याच्यावर घ्या.

वेग बदलणारी जोडणी. मोबाइल डेटावर किंवा उपग्रहाच्या जोडणीवर वेग मिनिटागणिक हलतो. बांधलेला आकडा जास्त झाला की रांग पुन्हा पलीकडे जाते, कमी ठेवला तर निम्मा वेग वाया. केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट विलंब मोजत किमान आणि कमाल आकड्यांच्या मध्ये वेग वरखाली करते. नसण्यापेक्षा बरी, पण ठरलेल्या वेगाच्या जोडणीची सफाई तिच्यात येत नाही.

वायफाय. एसक्यूएम वॅनची रांग सांभाळतं, हवेतली नाही. कोपऱ्यातल्या खोलीत सिग्नल मंद असेल तर तिथलं तुंबणं तसंच राहतं. शिवाय वायफायचे स्वतःचे चार वर्ग आहेत, आणि डीएससीपीचे वरचे तीन बिट घेऊन वर्ग ठरवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत 46 चे होतात 5. तो पडतो व्हिडिओच्या वर्गात, आवाजाच्या नाही. आरएफसी 8325 मध्ये 46 साठी 6 सुचवला आहे, पण सगळी उपकरणं ते पाळत नाहीत. चाचणी तारेवर घ्यायला सांगितलं ते म्हणूनच.

क्यूओसिफाय घ्यावं का

डाउनलोडलाही खरं प्राधान्य हवं असेल तर घ्या. हे ओपनडब्ल्यूआरटीचंच वेगळं पॅकेज आहे. ते ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) वापरून पॅकेट केकमध्ये शिरण्याआधीच त्याच्यावर खूण करतं, त्यामुळे वरातीमागच्या घोड्यांचा प्रश्न उरत नाही. नियम पोर्टवर किंवा डीएनएस नावावर लिहिता येतात, आणि सेकंदाला ठरावीक संख्येच्या वर पॅकेटं पाठवणाऱ्या फ्लोला ते आपोआप बल्कमध्ये ढकलू शकतं. बदल्यात सोयीचं पान जातं, सेटिंग फाइलमध्ये हाताने लिहावं लागतं, आणि माहिती एसक्यूएमच्या मानाने तुटपुंजी आहे. सुरुवातीला दोन-तीनच नियम ठेवा: कॉलचे पोर्ट वर, बॅकअप खाली, बाकी सगळं मोकळं. क्यूओसिफाय केक स्वतःच बसवतं, म्हणून त्या इंटरफेसवरचं एसक्यूएम आधी बंद करा. दोन्ही चालू राहिली तर जे नंतर सुरू होईल ते आधीच्याची मांडणी पुसतं, आणि राउटर रीस्टार्ट झाल्यावर कोणतं नंतर उठलं यावर त्या दिवशीचं प्राधान्य ठरतं.